मुरमाच्या गल्लीचे बिल कुणाच्या नावावर?

बेळगाव : मृग लागायच्या आधी शहराच्या कडेच्या वसाहतींत एक काम ठरलेले असते. गल्लीतले दोघे-तिघे वही घेऊन दारोदार फिरतात, घरामागे थोडेफार पैसे गोळा होतात, ट्रॅक्टरने मुरूम येतो आणि चिखलावर पसरला जातो. वडगाव, अनगोळच्या बाजूला खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, मुरूम पोटात घेते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पुढे पुन्हा वही निघते. या खर्चाची नोंद महापालिकेच्या कुठल्याही ताळेबंदात सापडणार नाही, पण रस्त्यासाठी नागरिकांनी खिशातून घातलेले ते पैसेच आहेत.

त्यामुळे ‘रस्त्याच्या खर्चात रहिवाशांनी वाटा उचलावा का’ ही चर्चा सुरूच मुळी चुकीच्या ठिकाणी होते. वाटा उचलला जातोच आहे. तो नेमका कुणाकडून घेतला जातो, किती घेतला जातो आणि त्याच्या बदल्यात लिहून काय मिळते, हे विचारायला हवे.

रहिवाशांचे म्हणणे साधे आहे : आम्ही घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, मग आणखी पैसे कशाला? अधिकाऱ्यांचे उत्तरही ठरलेले : लेआउट मंजूर नाही, रस्ता महापालिकेच्या ताब्यात नाही, त्यावर सार्वजनिक पैसा कसा घालायचा? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मात्र या भांडणात तिसरा एक माणूस अलगद सुटून जातो. ज्याने प्लॉट पाडून विकले तो.

स्वस्तात मिळालेले काय होते?

एका एकरात चाळीस गुंठे. शेत तसेच ठेवून त्यात फक्कीने रेषा मारायच्या, मधे वीस फूट सोडायचे आणि बॉण्डवर गुंठा-दीड गुंठा विकायचा, हा धंदा बेळगावला नवा नाही. सांगली-कोल्हापूरकडे याला गुंठेवारी म्हणतात, मध्य प्रदेशात अवैध कॉलनी, हैदराबादेत मंजुरी नसलेले लेआउट. नावे वेगळी, व्यवहार एकच. जाहिरातीच्या कागदावर ‘रस्ता, पाणी, लाईट’ लिहिलेले असते आणि जागेवर दोन दगडांमधली पायवाट.

कायद्याने हे असे व्हायला नको होते. कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो. रस्ते, गटारे, दिवे ही कामे जशी पुरी होतील तसे प्लॉट विक्रीला मोकळे करायचे, आधी ४० टक्के, मग ३० आणि शेवटी ३०, अशी पद्धत ठरलेली आहे. रस्ते आणि उद्यानाची जागा महापालिकेला किंवा विकास प्राधिकरणाला फुकट लिहून द्यावी लागते. म्हणजे मंजूर लेआउटमधल्या माणसाने रस्त्याचे पैसे भरलेले असतातच. ते प्लॉटच्या किमतीत मुरलेले असतात, म्हणून दिसत नाहीत.

बॉण्डवरचा प्लॉट स्वस्त पडला तो याचमुळे. त्या किमतीत रस्ता नव्हता. हे ऐकायला कडू लागते, पण हिशेब तसाच आहे. फरक इतकाच की सगळ्यांनाच तो स्वस्त पडलेला नाही. पहिल्या खरेदीदाराने कमी दिले, त्याच्याकडून घेणाऱ्याने बाजारभाव मोजला आणि त्याच्याकडून घेणाऱ्याने त्याहून जास्त. आज गल्लीत राहणारा अनेकदा तिसरा मालक असतो. स्वस्ताईचा फायदा दुसऱ्यानेच खाल्लेला आणि चिखल याच्या वाट्याला. मूळ विक्रेत्याकडून वसुली करायची तर तो बहुधा कागदावर कुठेच नसतो. उताऱ्यावर अजून शेतकऱ्याचे नाव, विक्री झालेली मुखत्यारपत्रावर.

शहराच्या हद्दीबाहेर, हिंडलगा, कंग्राळीसारख्या गावांत तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ९ आणि ११ चालतो. अनधिकृत मिळकतीला ११-ब मिळतो, कर वसूल होतो आणि गाव वाढत जाते. उद्या हद्दवाढ झाली की हे सगळे मुरमाचे रस्ते अलगद शहराच्या डोक्यावर.

बी-खात्याची दुप्पट पट्टी

गेल्या काही वर्षांत कर्नाटक सरकारने या वसाहतींकडे दोन वेळा मोर्चा वळवला. आधी ‘अक्रम-सक्रम’. घराच्या बांधकामातले ५० टक्क्यांपर्यंतचे आणि व्यापारी बांधकामातले २५ टक्क्यांपर्यंतचे नियमभंग दंड घेऊन नियमित करायचे, अशी ती योजना. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये तिला मान्यता दिली आणि महिन्याभरात, जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. योजना तिथेच अडकली.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत बी-खात्याची मोहीम आली. अनधिकृत मिळकतींना नागरी संस्थांच्या नोंदीत आणायचे, पहिल्या वर्षी दुप्पट कर घ्यायचा आणि पुढे नेहमीप्रमाणे. लोकांनी रांगा लावल्या. कागद मिळाला याचे समाधान मोठे होते आणि ते खोटेही नव्हते, कारण नोंदच नसलेल्या घरावर बँक विचारायला तयार होत नाही.

पण बी-खाते म्हणजे मिळकत नियमित झाली असा अर्थ नाही, हे सरकारने पहिल्या दिवसापासून सांगितले. नोंद करवसुलीसाठी. मग त्या दुप्पट पट्टीचे पुढे काय? ती महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते आणि पगार, वीजबिल, कचरा, दुरुस्ती या प्रवाहात मिसळून जाते. ज्या गल्लीतून ती आली त्या गल्लीत एक ट्रॉली खडी पडेल, असे कुठेही लिहिलेले नाही. नागरिकाने जादा पैसे भरले आणि बदल्यात रस्त्याबद्दल एक ओळही मिळाली नाही. खर्च वाटून घेण्याची गोष्ट पुढे कधी निघाली, तर बेळगावातला बी-खातेदार पहिला प्रश्न हाच विचारेल आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

एका गल्लीचा हिशेब

आकड्यांशिवाय ही चर्चा हवेत राहते. म्हणून एक कल्पित गल्ली घेऊ. लांबी २०० मीटर, काँक्रीटची रुंदी ६ मीटर, दोन्ही बाजूंना गटार. तीस फूट रुंदीचे प्लॉट धरले तर एका बाजूला २२, दोन्ही मिळून ४४. काँक्रीटला चौरस मीटरमागे दीड हजार आणि गटाराला मीटरमागे तीन हजार असा ढोबळ दर धरू. प्रत्यक्षात माती, उतार आणि निविदेप्रमाणे तो वरखाली होईल. रस्त्याचे १८ लाख, गटाराचे १२ लाख. एकूण ३० लाख.

हा सगळा खर्च प्लॉटधारकांवर टाकला तर प्रत्येकी ६८ हजारांच्या वर जातो. निम्मा टाकला तर ३४ हजार. पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के टाकला तर साधारण १३,६३६ रुपये. पाच वर्षांत विभागून घेतले तर वर्षाला २,७२७.

आता यात खरी मेख. ४४ पैकी घरे बांधलेली २९ आणि १५ प्लॉट मोकळे आहेत असे समजू. मोकळ्या प्लॉटचा मालक पुण्यात, गोव्यात नाहीतर आखातात. त्याला चिखलाचा त्रास नाही, त्यामुळे तो वर्गणी देत नाही. मग २० टक्क्यांचे तेच सहा लाख २९ घरांवर येतात आणि वाटा २०,६९० वर जातो. रस्ता झाला की मात्र भाव सगळ्यात आधी त्या मोकळ्या प्लॉटचाच वाढतो. दारात राहणारा घर विकत नाही, त्याचा फायदा कागदावरचा. मोकळ्या प्लॉटवाला तो दुसऱ्या महिन्यात रोख करून घेतो. वहीवरच्या वर्गणीने चालणारी कोणतीही योजना याच ठिकाणी फसते, लोक स्वार्थी असोत वा नसोत.

मुरमाचाही हिशेब करून बघण्यासारखा आहे. त्याच गल्लीत चार इंच थर टाकायचा तर सुमारे ४२ ब्रास मुरूम लागतो. पसरणावळीसह ब्रासला दोन हजार धरले तर ८४ हजार, २९ घरांना प्रत्येकी जवळपास २,९००. दर दोन वर्षांनी हे केले तर पंधरा वर्षांत सात वेळा, म्हणजे घरामागे वीस हजारांच्या पुढे. पक्क्या रस्त्यातल्या २० टक्के वाट्याएवढे पैसे गल्ली मुरमातच घालवते आणि पंधरा वर्षांनंतरही दारात मुरूमच. अर्थात उरलेले ८० टक्के कुणी घालायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आमदार निधी हे त्याचे नेहमीचे उत्तर. कर्नाटकात एका आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला दोन कोटी मिळतात. सगळेच्या सगळे अशा गल्ल्यांवर घातले तरी वर्षाला सहा, फार तर सात गल्ल्या. शाळेची खोली, समुदाय भवन, मंदिरासमोरचा चौथरा हे सगळे त्याच दोन कोटींतून. कोणती गल्ली आधी होणार हे मग गरजेवर ठरत नाही, हे सांगायला कुणाला वॉर्डात चकरा मारायची गरज नाही.

ग्वाल्हेरने काय भोगले

वाटा ठरवून घेण्याचा प्रयोग कागदावर सगळ्यात स्पष्ट झाला तो मध्य प्रदेशात. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या मराठी वाचकांना तो माहीत आहे, इकडच्यांना फारसा नाही. तिथल्या १९९८ च्या कॉलनी नियमांत अवैध कॉलनी नियमित करण्याचे १५-अ हे कलम होते. त्यात टक्केवारी ठरलेली. कॉलनीत ७० टक्के किंवा जास्त रहिवासी अल्प उत्पन्न गटातले असतील तर विकासखर्चाचा २० टक्के वाटा रहिवाशांचा, उरलेला नागरी संस्थेचा. बाकीच्या कॉलन्यांत निम्मे-निम्मे. ऐपतीप्रमाणे वाटा, ही कल्पना बरी होती.

मे २०१८ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी राज्यभरातील कॉलन्या नियमित करण्याच्या मोहिमेची सुरुवात ग्वाल्हेरमधूनच केली. वर्षभरात, जून २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने १५-अ रद्द केले. मूळ कायदा अवैध कॉलनी उभारणाऱ्यावर कारवाई करायला सांगतो, त्याखालचा नियम तिला नियमित कसा करणार, हा त्यातला मुद्दा. मग २०२१ मध्ये सरकारने कायदाच बदलला. आणि २०२३ च्या मे महिन्यात, विधानसभा निवडणुकीला सहा महिने असताना घोषणा झाली की डिसेंबर २०२२ पर्यंतच्या कॉलन्या वैध होतील आणि रहिवाशांकडून विकास शुल्क घेतले जाणार नाही.

पाच वर्षांत चार वळणे. आधी २० किंवा ५० टक्के भरा, मग सगळेच रद्द, मग नवा कायदा, मग भरूच नका. आपल्याला यातून काय घ्यायचे, तर वाट्याचा आकडा फारसा महत्त्वाचा नसतो. २० टक्के योग्य की ३०, यावर सभागृहात दिवसभर वाद घालता येईल. पण आज भरणारा उद्या मूर्ख ठरणार असेल, तर कुणीच भरत नाही. प्रामाणिकपणे आधी पैसे देणाऱ्याला माफीच्या घोषणेत कधीच काही परत मिळत नाही. पुढच्या वेळी तो माणूस निवडणुकीची वाट बघत बसतो, आणि त्याचे चुकत नाही.

हैदराबादेत याचीच दुसरी तऱ्हा झाली. तेलंगण सरकारने २०२० मध्ये लेआउट नियमित करण्यासाठी एक हजार रुपये शुल्क घेऊन अर्ज मागवले, २५ लाखांहून अधिक आले. बहुतेक वर्षानुवर्षे पडून राहिले आणि २०२५ मध्ये मार्चअखेरपर्यंत भरणाऱ्यांना २५ टक्के सवलत देऊन ते हलवावे लागले. सरकारला पैसे हवेत तेव्हा सवलत, नागरिकाला रस्ता हवा तेव्हा फाईल.

वडोदऱ्याकडचे सत्तर-वीस-दहा

गुजरातचा अनुभव जास्त उपयोगी आहे, आणि तो सरसकट कौतुकाचा नाही. तिथे स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजनेखाली खाजगी सोसायट्यांतील अंतर्गत रस्ते, पेव्हर ब्लॉक, गटारे लोकसहभागातून केली जातात. वाटणी ७०-२०-१० : राज्याचे ७० टक्के, सोसायटीचे २०, महापालिकेचे १०. वडोदरा, अहमदाबादसारख्या शहरांत सोसायट्यांनी तिचा बराच फायदा घेतला.

ती चालली याची कारणे दोन. एक, सोसायटी नावाची नोंदणीकृत संस्था आधीच होती. तिचे खाते होते, तिचा ठराव होत होता, देखभालीचे पैसे गोळा करायची सवय होती. मोकळ्या प्लॉटच्या मालकालाही सोसायटीची थकबाकी टाळता येत नाही. दोन, ७० टक्के वरून येणार हे नक्की होते. वीस टक्के भरले की काम निघणार, हा विश्वास होता.

याच दोन कारणांमुळे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर राहतात. ज्या वस्तीत सोसायटीच नाही, जिथे मालकीचाच घोळ आहे, तिला या रांगेत उभेच राहता येत नाही. सुस्थितीतल्या कॉलनीत गुळगुळीत ब्लॉक बसतात आणि पलीकडच्या वस्तीत धूळ. शिवाय रहिवाशांचा २० टक्के वाटा आमदार निधीतून भरण्याची सोय आहे. तसे झाले की लोकसहभाग फक्त नावाला उरतो. पैसा सगळाच सरकारी, फक्त तीन खिशांतून.

गुजरातचाच त्याआधीचा एक प्रयोग मात्र यापेक्षा जास्त शिकवून जातो. १९९०च्या दशकात अहमदाबाद महापालिकेने झोपडपट्ट्यांसाठी ‘परिवर्तन’ योजना काढली. घरामागे रस्ता, गटार, पाणी, शौचालयाचा अंदाजे सहा हजारांचा खर्च. त्यात दोन हजार कुटुंबाचे, दोन हजार उद्योगाचे, दोन हजार महापालिकेचे, आणि देखभालीसाठी वेगळे शंभर रुपये. संजयनगर ही पहिली वस्ती. बायकांनी सेवा बँकेत बचत करून, तिथूनच कर्ज घेऊन आपला वाटा भरला. वडोदऱ्यातही रामदेवनगरला याच धर्तीवर काम झाले.

हातावर पोट असणाऱ्या माणसांनी त्या काळचे दोन हजार का भरले असतील? महापालिकेने सोबत एक गोष्ट लिहून दिली होती. दहा वर्षे ही वस्ती हलवली जाणार नाही. माणसांनी पैसे दिले ते गटारासाठी आणि त्या कागदासाठीही. बी-खात्याच्या दुप्पट पट्टीत नेमके हेच राहून गेले आहे.

बेळगावात काय जमण्यासारखे आहे

कायद्याचा आधार शोधायला लांब जायला नको. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच कलम ३०५ आहे. खाजगी रस्ता सपाट, खडीचा किंवा फरसबंद, गटार आणि दिव्यांसह नसेल तर लगतच्या मालकांना नोटीस देऊन ते करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे आणि तसा झालेला रस्ता पुढे सार्वजनिक जाहीर होतो. कर्नाटकाच्या १९७६ च्या महानगरपालिका कायद्यातही याच वळणाच्या तरतुदी आहेत. मालकांनी न केल्यास महापालिकेने करायचे, खर्च वसूल करायचा आणि रस्ता सार्वजनिक करायचा. म्हणजे खर्च वाटून घेणे ही आजची कल्पना नाही. ती वापरली जात नाही, कारण नोटीस काढणारा नगरसेवक पुन्हा निवडून येत नाही, अशी सगळ्यांची खात्री असते.

नोटिशीपेक्षा सोपी वाट घरपट्टीच्या चलनातून जाते. त्या चलनावर आजही आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षुक उपकर वेगवेगळे दाखवले जातात आणि लोक ते भरतात. त्याच चलनावर ज्या गल्लीचा रस्ता झाला तिथल्या मिळकतींपुरती एक जादा ओळ, पाच वर्षांसाठी, घालता आली तर वहीवरच्या वर्गणीचे दोन्ही दोष जातात. मोकळ्या प्लॉटवरही कर असतो, त्यामुळे पुण्यातल्या मालकालाही ती ओळ भरावीच लागेल. तो टाळत राहिला तर थकबाकी मिळकतीवर चढेल आणि प्लॉट विकताना ‘नो ड्यू’ घ्यायला त्याला महापालिकेत यावेच लागेल. आणि घरात राहणाऱ्याला एकदम चौदा हजार काढावे लागणार नाहीत.

यात क्रम महत्त्वाचा. आधी रस्ता, मग वसुली. आज लोकांची सवय आणि संशय बघता आधी पैसे मागणारी योजना पहिल्याच सभेत पडेल. महापालिकेने सुरुवातीचे भांडवल कुठून आणायचे? राज्य वित्त आयोग, केंद्रीय वित्त आयोग आणि नगरोत्थानसारख्या अनुदानांतून आजही उपनगरांत कामे होतातच. त्यातला ठराविक भाग फिरत्या निधीसारखा वापरला आणि गल्ल्यांकडून आलेला २० टक्के वाटा पुन्हा त्याच निधीत टाकला, तर पाच गल्ल्यांच्या वसुलीत सहावी गल्ली निघते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलालाही हे गणित येते. अट एकच, या पैशाचे खाते वेगळे हवे आणि प्रत्येक गल्लीचा जमाखर्च वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागायला हवा.

वाटणी कशावर करायची, यावर वाद होणार. दर्शनी रुंदीवर केली तर कोपऱ्याच्या प्लॉटला दोन्ही बाजूंचे बिल येते. क्षेत्रफळावर केली तर मागे लांब गेलेल्या प्लॉटला जास्त पडते. घरामागे सारखे केले तर एका गुंठ्यावरच्या विणकराला आणि चार गुंठ्यांवरच्या बंगल्याला एकच बिल. यातले पहिले मान्य व्हायला सोपे, तिसरे गोळा करायला सोपे. पण वडगाव, खासबागसारख्या भागांत मागोमाग अन्याय करणारे तिसरेच. तिथे यंत्रमागावर अख्खे घर चालते आणि मंदीत मजुरी आधी तुटते. क्षेत्रफळाला धरून, आणि एका गुंठ्याच्या आतल्या राहत्या घराला सूट देऊन केलेली वाटणी कमीत कमी लोकांना टोचेल. भाडेकरूवर यातले काहीही टाकू नये. प्लॉटचा भाव त्याचा वाढत नाही.

दोन गोष्टी आधी तपासल्या नाहीत तर पैसा पाण्यात. पहिली, पाइपा. चोवीस तास पाण्याची योजना शहराच्या काही भागात २००८ च्या सुमारास आली आणि नंतर उरलेल्या शहरात जलवाहिन्या टाकण्याचे काम सुरू झाले. नव्या कोऱ्या रस्त्याच्या मधोमध चर खणलेला बेळगावकरांनी किती वेळा पाहिला आहे, हे मोजायला नको. नागरिकांचे वीस टक्के ज्यात आहेत तो रस्ता खणायचा असेल तर आधी ड्रेनेज, पाणी, मग गटार आणि शेवटी काँक्रीट, आणि त्यानंतर ठराविक वर्षे खणाई बंद, हे कंत्राटातच लिहावे लागेल. बळ्ळारी नाल्याच्या कडेच्या वसाहतींत तर गटाराचे पाणी शेवटी कुठे सोडायचे हे ठरल्याशिवाय काँक्रीट घालणे म्हणजे घरात पाणी वळवणे. रस्ता उंच होतो आणि जुनी घरे खाली जातात.

दुसरी, रस्त्याखालच्या जमिनीची मालकी. बऱ्याच गल्ल्यांत रस्त्याची पट्टी उताऱ्यावर आजही मूळ जमीनमालकाच्या नावे आहे. रस्ता झाल्यावर त्याच्या वारसांनी भरपाई मागितली तर? शहापूर भागातून जुन्या पी. बी. रोडला जोडणाऱ्या रस्त्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये महापालिकेसमोर सुमारे वीस कोटींच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला. भूसंपादन न करता काम झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेवटी जमीन परत देण्यापर्यंत चर्चा आली. गल्लीतल्या प्लॉटधारकांनी आपापल्या समोरच्या पट्टीचा हक्क सोडून दिल्याचा आणि मूळ मालकाने रस्त्याची पट्टी महापालिकेच्या नावे केल्याचा कागद काम सुरू होण्याआधी हवा. हे काम महापालिकेपेक्षा गल्लीतली माणसेच लवकर करू शकतात, कारण मूळ मालकाचा पत्ता त्यांनाच माहीत असतो. वाट्यातला हा भाग पैशाचा नाही, पण बहुधा सगळ्यात किमती.

नवे प्लॉट पाडणे थांबत नाही तोवर हे सगळे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखे आहे, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्राने २००१ चा गुंठेवारी कायदा केला तेव्हा मर्यादा १ जानेवारी २००१ ची होती. वीस वर्षांनी ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढावी लागली. बी-खात्यालाही सप्टेंबर २०२४ ची मर्यादा आहे. ती किती वर्षे टिकते, ते पुढच्या दोन निवडणुका सांगतील. दरम्यान दुय्यम निबंधक कार्यालयात मंजुरीशिवायच्या प्लॉटची नोंदणी अडवली जाते, तरी बॉण्ड आणि मुखत्यारपत्राची वाट उघडीच आहे.

महापालिकेचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो आणि घरपट्टीवरची पाच टक्के सवलत एप्रिलमध्ये मिळते. बी-खात्याची दुप्पट पट्टी किती जमली, कोणत्या वॉर्डातून जमली आणि त्यातले त्या वॉर्डाच्या रस्त्यांवर किती घातले, हे तीन आकडे महापालिकेच्या संगणकात आहेत. अर्थसंकल्पाच्या सभेत एखाद्या नगरसेवकाने ते मागितले, तर वाट्याची बोलणी कुठून सुरू करायची ते एका दिवसात कळेल.